केवायसीचा अंगठा आणि खात्यातून गेलेले दहा हजार

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड तालुक्यातील आमच्या थोरल्या चुलत्यांची दोन एकर द्राक्षबाग हातची गेली. एक रुपयातला पीकविमा त्याच खरिपापासून सुरू झाला होता, परंतु द्राक्षासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा वेगळा उतरवावा लागतो आणि तो त्यांनी उतरवलेला नव्हता. त्यामुळे भिस्त राहिली ती शासकीय मदतीवर. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर होते, पंचनामा वेळेत झाला होता आणि पुढे १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने बहुवार्षिक पिकांना तीन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ३६,००० रुपये दर ठरला.

त्या वेळी याद्या लागल्यावर प्रत्येक बाधित शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळत असे; गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी केली, की रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होत असे. केंद्रांवर झुंबड आणि सर्व्हर बंद, अशा दिवसांत लॅपटॉप व अंगठ्याचे यंत्र घेऊन एक तरुण गावातच आला, तेव्हा लोकांना हायसे वाटले. चुलत्यांचे नाव, बाधित क्षेत्र, बँक खाते असा सारा तपशील त्याने पडद्यावर दाखवला, अंगठा घेतला आणि मग, ‘बाबा, सर्व्हरने घेतला नाही, परत ठेवा,’ असे म्हणत पुन्हा घेतला. पावती मात्र ‘नंतर देतो’ म्हणून दिलीच नाही.

गोम इथेच होती. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्या तीन गोष्टींवर बँकेच्या खात्यातून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रोख काढता येते. त्याला ओटीपी लागत नाही की पिन लागत नाही. यंत्र तेच, अंगठा तोच. तो केवायसीसाठी घेतला की पैसे काढण्यासाठी, हे समोर बसलेल्याला कळण्याची काही सोय नाही. चुलत्यांच्या खात्याला जुना, बंद पडलेला मोबाइल क्रमांक जोडलेला असल्याने संदेशही आला नाही. मदत जमा झाली का, हे पाहण्यासाठी पासबुक भरून घेतले, तेव्हा मदतीची नोंद नव्हती, पण अंगठा दिला त्याच दिवशी कांद्याच्या पट्टीतले, म्हणजे विक्रीच्या पैशांतले १०,००० रुपये आधारद्वारे काढल्याची नोंद होती.

बँकेचे पहिले उत्तर होते, ‘अंगठा तर तुमचाच आहे.’ हे उत्तर मला आजही त्या तरुणाच्या लबाडीइतकेच खटकते, कारण अंगठा कोणाचा हा वाद नव्हताच. तो कशासाठी मागितला, हा होता.

ज्यांची केवायसी अजून व्हायची आहे, त्यांनी पहिल्या अंगठ्यानंतर पावती मागावी आणि दुसरा मागितल्यास पडद्यावरची त्रुटी आधी दाखवायला लावावी. काम झाल्यावर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते, आणि तेथेच मागील सहा महिन्यांत आपला आधार कधी वापरला गेला हेही दिसते. त्यासाठी चालू मोबाइल आधारला जोडलेला हवा. पैसे गेलेच, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बँकेला लेखी कळवावे व पोच घ्यावी. मदतीची रक्कम चुलत्यांना पुढे दुसरीकडे केवायसी केल्यावर मिळाली. गेलेल्या पैशांबाबत बँकेने ३० दिवसांत समाधान न केल्याने आमचा अर्ज आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आहे.