वॅफल मेकर, पण वॅफल सोडून: पावसाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

वॅफल, म्हणजे चौकोनी खळग्यांचे गोड केक, वॅफल मेकरमध्ये बरे होतात, पण तेवढ्यासाठी हे यंत्र घेऊ नका. मैदा, अंडी, लोणी, वरून मध हा उत्साह आमच्याकडे जूनमध्येच ओसरला. खरं तर तेव्हाच ते माळ्यावर जायचं, पण अजून ओट्यावर आहे ते थालीपिठामुळे.

मुंबईतल्या लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेलं साधं यंत्र आहे. ७५० वॅट, उथळ चौकोन, एका वेळी चार तुकडे. दोन्ही बाजू एकदम भाजल्या जातात आणि चौकोनांच्या उंचसखलपणामुळे पिठाचा सपाट तव्यापेक्षा जास्त भाग गरम पत्र्याला टेकतो. ज्या पदार्थाच्या कुरकुरीत कडेसाठी घरात भांडणं होतात, तो पदार्थ यात घालून बघावा.

थालीपिठासाठी भाजणी नेहमीपेक्षा सैल भिजवते, कांदा बारीक चिरते आणि तेलाचं मोहन पिठातच घालते. दोन्ही पत्र्यांना ब्रशने तेल लावून मधोमध गोळा ठेवायचा, झाकण दाबायचं. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, पण तेल सोडायला भोकं कुठे पाडायची?" लोण्याचा गोळा त्या चौकोनांतून वितळत गेल्यावर हा प्रश्न मागे पडला. चुलीवरच्या तव्याचा खमंगपणा मात्र येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

खरी करामत साबुदाणा वड्याची. तळताना वडा फुटून तेल उडण्याची धास्ती इथे नाही. साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात चार-पाच तास भिजवायचा. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. मधे कच्चा राहिला तर इथे तो शिजायला पुरेसं पाणीच मिळत नाही. उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, मीठ नेहमीप्रमाणे. लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून प्रत्येक खणात एक. मग सात-आठ मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. बाजूने येणारी वाफ जवळजवळ थांबली की उघडायचं. घाई केली की वड्याची दोन शकलं होतात, अर्धं वरच्या पत्र्याला, अर्धं खाली. यंत्रावरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. तो पत्रा तापल्याचं सांगतो, वडा झाल्याचं नाही.

झालेले वडे ताटात न ठेवता जाळीवर ठेवा, नाहीतर खालची बाजू वाफेने मऊ पडते. आणि लगेच खा. गार झाले की वातड होतात, त्यामुळे डब्याला देऊ नका. चव तळलेल्या वड्याची नाही, हे आधीच सांगते. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत असा हा वेगळाच पदार्थ आहे. आषाढी एकादशीला आमच्याकडे कढई निघालीच नाही.

उपासालाच कच्च्या बटाट्याचा कीसही उत्तम होतो. फक्त कीस फडक्यात घट्ट पिळून घ्या.

माटुंग्याहून आणलेलं डोशाचं पीठ तिसऱ्या दिवशी आंबट झालं की त्यात कांदा, मिरची, थोडा रवा घालून इथे ओतते. पीठ फुगतं, म्हणून खण पाऊणच भरायचा. उरलेली मुगाची घट्ट खिचडी बेसन घालून लावली तर मुलं निमूट खातात; एरवी त्याच खिचडीकडे ढुंकून बघत नाहीत.

टोस्ट सँडविच मात्र कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याकडेच खा. काकडी-टोमॅटोचं पाणी सुटतं, बीट बाहेर येतं आणि ब्रेड दबून पापड होतो. गूळ घातलेलं पीठही नको, गूळ करपून चौकोनांत बसतो. चीज बाहेर गळलं तर तेच. नायकीचे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बुटाच्या तळव्यासाठी घरच्या वॅफल मेकरमध्ये युरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) ओतलं होतं आणि ते यंत्र चिकटून कायमचं बंद झालं. त्या मानाने माझं चीज परवडलं.

साफसफाई ही या यंत्राची सगळ्यात कंटाळवाणी बाजू. माझ्या यंत्राचे पत्रे निघत नाहीत, त्यामुळे नळाखाली धरता येत नाही. प्लग काढून कोमट असतानाच ओलं फडकं फिरवायचं, कोपऱ्यांना मऊ टूथब्रश. चमचा, सुरी अजिबात नाही, उलथायला लाकडी चिमटा. डब्यातला तेलाचा स्प्रेही टाळा, त्याचा चिकट पिवळा थर बसतो आणि पुढे सगळंच चिकटायला लागतं. एवढं सांभाळल्यावर माझं नॉनस्टिक मधोमध जरा फिकट झालंय, निघालेलं नाही.

विजेचं म्हणाल तर सलग २० मिनिटं चाललं तरी पाव युनिट, तेही जास्तीत जास्त, कारण तापल्यावर ते मधूनमधून आपोआप बंद होतं. अडचण वेळेची आहे. चौघांचा नाश्ता एका घाण्यात होत नाही, पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटचा ताट घेऊन उभा असतो.

घेणार असाल तर दुकानात झाकण उघडून बिजागरी बघा. झाकण मागच्या बाजूने थोडं वर उचललं जायला हवं. नाहीतर जाड गोळा मागे चेपला जातो आणि पुढे कच्चा राहतो. चौकोन उथळच घ्या. खोल चौकोनांचं बेल्जियन पद्धतीचं यंत्र दिसायला छान, पण थालीपीठ त्यात इतकं जाड होतं की मधे कच्चं पीठ लागतं.