नागपुरात घरपोच लेट्यूस: एका सेवेचे परीक्षण

शहराबाहेर शेडनेटखाली, मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर सॅलडची पाने पिकवून ती नागपुरात घरपोच देणारी एक सेवा आम्ही गेल्या दिवाळीपासून घेत आहोत. पुढे काही तक्रारी येणार असल्याने तिचे नाव लिहीत नाही. ही सेवा घ्यावी, मात्र डबा स्वतः निवडून घ्यावा आणि होळीनंतर बंद ठेवावी, असे माझे मत झाले आहे.

सेवेचा सर्वाधिक खपाचा प्रकार म्हणजे ‘मिश्र डबा’, आणि नेमका तोच सर्वांत कमी समाधानकारक आहे. आइसबर्ग आणि तांबूस कडांचे लोलो रोसो हे लेट्यूसचे दोन प्रकार, रॉकेट ही तिखट पानांची भाजी आणि कोवळा पालक ही पाने त्यात कापून एकत्र भरलेली असतात. या चौघांचे आयुष्य सारखे नसते. रॉकेट आणि पालक लवकर मऊ पडतात, त्यांचे पाणी सुटते आणि शेजारची चांगली पानेही चिकट होऊ लागतात. शिवाय अशा डब्यात आइसबर्गच जास्त भरलेले असते. आइसबर्गला मी नावे ठेवणार नाही, सँडविचमध्ये त्याच्या कुरकुरीतपणाला तोड नाही; पण त्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते आणि चवही जवळजवळ तेवढीच, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

याउलट मुळासकट येणारा बटरहेड या लेट्यूसचा गड्डा ही या सेवेची खरी कमाई आहे. पाने लोण्यासारखी मऊ, आतली फिकट पिवळसर, बाहेरची गडद हिरवी. वाटीभर पाण्यात मुळे बुडवून गड्डा फ्रिजमध्ये ठेवला आणि लागतील तशी बाहेरची पाने खुडली, तर आठवडाभर तो टवटवीत राहतो. रोमेन हे दुसरे लेट्यूसही उत्तम येते. त्याची लांबट पाने मधल्या जाड शिरेशी वाकवली की कट्कन मोडतात, आणि दह्याचे किंवा दाण्याच्या कुटाचे दाट मिश्रण पेलण्याची ताकद त्यांच्यातच आहे; बटरहेडवर तेच घातले तर लगदा होतो.

रॉकेटविषयी घरात मतभेद आहेत. मोहरीच्याच कुळातले असल्याने ते चावताच नाकात झणका जातो, त्यामुळे नुसते खाणाऱ्याला ते फारसे रुचत नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा किंवा मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, खाऊन वाढलेल्या माणसाला मात्र ते परके वाटू नये. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, मीठ आणि वरून घाणीचे जवसाचे कच्चे तेल घालून आम्ही रॉकेटचाच घोळाणा करतो, आणि तो ज्वारीच्या भाकरीबरोबर सॅलड या नावाखाली हॉटेलात मिळणाऱ्या कोणत्याही पदार्थापेक्षा सरस लागतो. बटरहेडला मात्र इतका तिखटपणा सोसत नाही. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, त्यांच्या सोललेल्या फोडी, थोडा रस, मिरपूड आणि चमचाभर तेल त्याला पुरते. तेल वगळू नये, कारण पानांतील बीटा कॅरोटिन आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबतच अंगी नीट लागते. मीठ अगदी वाढताना घालावे, आणि धुतलेली पाने पंचावर पसरून कोरडी करावीत. ओल्या पानांवरून तेल ओघळून तळाशी जाते.

आता तक्रारी. लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. ऊन वाढले की ते फुलोऱ्याचा दांडा वर काढू लागते, पानांत दुधासारखा चीक वाढतो आणि चव कडवट होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या शहरात शेडनेट त्यापुढे कितीसे पुरणार? एप्रिलमध्ये आलेल्या रोमेनच्या देठातून कापताना पांढरा चीक गळत होता आणि पान शेवटपर्यंत कडू होते; दर मात्र जानेवारीचाच. डबा पोहोचवण्याची वेळ सकाळी सातची सांगितली जाते, पण उन्हाळ्यात तो कधीकधी अकरानंतर येतो, तोवर झाकणाला आतून घाम सुटलेला असतो. त्या काळात गोकुळपेठ बाजारातून सकाळी काकडी, कांदा आणि पुदिना आणलेला बरा.

महिन्याची वर्गणी मध्येच थांबवता येते आणि उरलेले पैसे पुढच्या हंगामात वळते होतात, ही सोय चांगली आहे. त्यासाठी फोन करावा लागतो, आणि तो पहिल्या प्रयत्नात उचलला गेल्याचा अनुभव अजून आलेला नाही.