जुन्या वॅगनआरला बजेटमधले टायर: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम काढल्यावर

गाडी जुनी वॅगनआर, टायरचा साइज १४५/८० आर १३. चारही टायर एकदम घेण्याएवढे पैसे हातात नव्हते, म्हणून दोन टप्प्यांत घेतले. पहिली जोडी २०२५ च्या पावसाळ्याआधी, दुसरी दसऱ्याच्या सुमारास. आता वापर भरपूर झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापूर भागात कावळा नाका, शाहूपुरी, शिरोली अशा तीन ठिकाणी भाव काढले. या साइजमध्ये एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके यांचे साधे टायर भावाने इतके जवळजवळ असतात की कंपन्यांपेक्षा दुकानादुकानांतला फरक जास्त निघाला. मी घेतलेले यांच्यातलेच एका कंपनीचे आहेत. या दरात नावावरून भांडण्यापेक्षा टायरवर छापलेलं वाचणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळ्यात आधी तारीख. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) ही अक्षरं छापलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, तो टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. एका दुकानात भाव चांगला कमी सांगितला, पण टायर तीन वर्षांपूर्वीचा होता. पडून राहिलेलं रबर कडक होत जातं आणि पावसात पकड कमी देतं, त्यामुळे ती सूट मला नको होती. मग भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. माझ्या टायरवर ७५ आहे, म्हणजे एका टायरला ३८७ किलो. यापेक्षा कमी आकड्याचा टायर कुणी कितीही स्वस्त दिला तरी बसवू नका.

एकाने १५५/८० बसवा म्हणून बराच आग्रह केला. रुंद टायर दिसतो छान, पण त्याचा व्यास १६ मिमीने वाढतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि छोट्या इंजिनावर ओझं पडतं. कंपनीने दिलेलाच साइज ठेवला. सेकंडहँड टायरही दाखवले गेले. त्यातल्या एकाच्या खाचा नव्याने कोरलेल्या स्पष्ट दिसत होत्या. खाच कोरली म्हणून रबर वाढत नाही, उलट आतल्या तारांवरचा थर पातळ होतो. लेकरंबाळं बसतात त्या गाडीला असला टायर कुणीच घालू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे टाका. दुकानातली पोरं सवयीने पुढे बसवायला निघतात, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढते. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला ती आवरत नाही. माझे पुढचे टायर झिजून खाचांतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांना, म्हणजे १.६ मिमी खोलीला टेकले होते. ते काढून टाकले, मागचे बरे होते ते पुढे आणले आणि नवे मागे. त्याच जोडणीवर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असा भर पावसातला प्रवास झाला. वळणांवर वेग कमी ठेवला आणि मागची बाजू एकदाही हलली नाही. आधीच्या पावसाळ्यात याच घाटात मनात धाकधूक असायची.

दुसऱ्या जोडीला थांबल्याचा फायदाही झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत २,५०० धरली तर ३,२०० चा टायर २,९५० ला पडतो. वाचलेल्या पैशांत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालं. ते टाळू नका, नाहीतर नवा टायर एका कडेने खाल्ला जातो. टायरमध्ये नायट्रोजन भरायला मात्र पैसे घातले नाहीत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा बघून, टायर थंड असताना हवा तपासतो, तेवढं पुरतं.

तक्रार म्हणाल तर आवाज. काँक्रीटच्या रस्त्यावर आधीच्यापेक्षा जास्त येतो आणि खड्ड्यात दणका थोडा कडक लागतो. मायलेजमध्ये फरक जाणवला नाही. ऊस हंगामात कागल, मुरगूड बाजूला रस्त्यावर चिखल आणि पाचट असतं, तिथे ब्रेक समाधानकारक लागले. कारखान्याच्या वाटेवर बैलाच्या पत्रीचा (खुराच्या नालाचा) खिळा घुसून एक पंक्चर झालं, पण ट्यूबलेस असल्याने हवा हळूहळू गेली आणि गाडी पंक्चरवाल्यापर्यंत चालत आली.

झीज चारही टायरना सारखी दिसतेय, पोटाला कुठे फुगा नाही. काढलेल्या जोडीतला बरा टायर स्टेपनीत आहे, पण त्याच्या कडेला बारीक चिरा पडायला लागल्यात, त्यामुळे पुढचा पावसाळा यायच्या आत पाचवा टायरही घेणार आहे.