सांगलीत खेळण्यांचे खोके छापून घेताना: सांगितलेला दर आणि पडलेला दर

आमच्या लाकडी खेळण्यांसाठी सांगलीतील एका ऑफसेट छापखान्यातून 1,000 खोके करून घेतले. 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) ड्युप्लेक्स बोर्डावरील, म्हणजे खोक्यांच्या पुठ्ठ्यावरील छपाई स्वच्छ आहे, घड्या सरळ बसतात आणि पेस्टिंग कुठेही सुटलेले नाही; कारागिरांचे कसब खरोखर वाखाणण्याजोगे आहे.

तक्रार आहे ती हिशेबाची. खोक्यामागे सांगितलेल्या 14 रुपयांत पंचिंगच्या डायचे (खोक्याचा आकार कापणाऱ्या साच्याचे) 3,500 आणि चार रंगांच्या प्लेट्सचे (छपाईच्या पत्र्यांचे) 1,600 रुपये धरलेलेच नव्हते, त्यामुळे जीएसटीपूर्वीच खोका 19 रुपये 10 पैशांना पडला. डाय आणि प्लेट्सचा हाच खर्च 5,000 खोक्यांवर विभागला असता, तर नगामागे रुपयाच्या थोडाच वर गेला असता, आणि एवढे मालकांनी आधी सांगायला हवे होते.

कारखान्यात बनणाऱ्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते डिझाइनमध्ये राहून गेले, तर प्लेट पुन्हा काढावी लागते. आमची ही चूक तेथील डिझाइनरने वेळीच पकडली, त्याबद्दल मनापासून आभार. किंमत आणि उत्पादनाचा महिना मात्र छापून न घेता शिक्क्याने उमटवावा, कारण दर बदलला की उरलेले खोके वाया जातात. डाय कोणाच्या मालकीची, हेही बिलावर लिहून घ्यावे.