इंजिन उघडायच्या आधी पैसे घेणारं गॅरेज

धायरी फाट्याच्या अलीकडे असलेल्या या गॅरेजबद्दल आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, मेस्त्री सरळ माणूस आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, गाडीला पाना लावायच्या आधी आठशे रुपये मागतो तो कसला सरळ? मी दोघांचं ऐकून गेले आणि आता पहिल्या तटात आहे, काही अटींवर. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मेस्त्रींनीच हात जोडले: "ताई, नेटवर नको. आहेत त्याच गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात." फाट्यावर कोणालाही "इंजिनवाले मेस्त्री" विचारा, बरोबर पोचवतील.

माझी गाडी २००९ ची. अकराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२, सव्वा लाखाच्या आतबाहेर किलोमीटर. रोजचं आनंदनगर ते कॅम्प, आणि अधूनमधून सातारा, आईकडे. दिवाळीच्या आधी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर काटा लालच्या वर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. गार झाल्यावर गाडी चालू झाली खरी, पण तेव्हापासून सिग्नलला उभी राहिली की थडथडायची, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कुलंटची बाटली आठवड्यात तळाला.

आधी नेली ती एका मोठ्या, काचेच्या केबिनवाल्या वर्कशॉपमध्ये. तिथे स्कॅनर लावला, दोन आणि तीन नंबरचा सिलिंडर मिसफायर दाखवतोय, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही, म्हणाले, आणि एसीत बसवून कागद हातात दिला: इंजिन ओव्हरहॉल, ७८ हजार. खाली तोंडी पुरवणी, "मॅडम, एवढे घालण्यापेक्षा स्क्रॅप करा, एक्स्चेंजवर ऑफर चालू आहे." स्कॅनर खोटं बोलत नव्हता. पण मिसफायर होतोय एवढंच तो सांगतो, का होतोय ते नाही. ते बघायला स्पार्क प्लग काढावे लागतात, आणि तिथे प्लग कोणी काढलेच नव्हते. घरी भाचा वेगळंच तुणतुणं लावून बसला होता. "मावशी, सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय. आता घेऊनच टाक." जीएसटीचे रिटर्न भरून माझं घर चालतं, ते मला सांगतोय.

तर मेस्त्री. तपासणीचे आठशे रुपये आधी, ते पुढच्या बिलात वळतेही होत नाहीत. त्या पैशांत काय मिळतं ते नीट सांगते, कारण या गॅरेजची खरी किंमत तिथेच आहे.

गाडी आदल्या रात्री आणून लावायला सांगतात. सकाळी इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, बोट फिरवलं आणि मला दाखवलं: बोटाला विटकरी गाळ. आधीच्या कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये कुलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं. आपल्या सिंहगड रोडला टँकर आणि बोअरच्या पाण्याने नळाच्या जाळ्या काय होतात ते सगळ्यांना माहीत आहे, रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक. इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरणाऱ्या थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक. "इथं कुठं थंडी असते" असं म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. मग इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि रेडिएटर तुंबत चाललाय हे गावातल्या गावात कळतच नाही. कळतं ते घाटात.

त्यानंतर डिपस्टिक आणि ऑइलच्या झाकणाची आतली बाजू. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही. मेस्त्री पहिल्यांदा जरा सैल झाले ते इथे. पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी पळवली की क्रँकची बेअरिंगं जातात, आणि मग खर्च हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, थांबत नाही.

मग चारी प्लग काढून बॉनेटच्या कडेला ओळीने मांडले. तीन तपकिरी, काजळी धरलेले. तीन नंबरचा मात्र घासून ठेवल्यासारखा लख्ख. "हा रोज वाफेनं आंघोळ करतोय," म्हणाले. मग फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला, पोराला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायला बसवलं, आणि प्लगच्या भोकात एकेक करून दाब मोजायचं गेज लावलं. आकडे गॅस्केटच्या रिकाम्या खोक्यावर लिहिले, ते खोकं मी अजून ठेवलंय: १६५, ९०, ८५, १६०. पीएसआयमध्ये. कडेचे दोन ठणठणीत, मधले दोन निम्म्यावर.

इथे मोठ्या वर्कशॉपचा कागद खरा असू शकला असता. दाब कमी म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा गेल्या असतील, आणि रिंगा म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं, सिलिंडरचं बोअर, पिस्टन, सगळंच. म्हणून मेस्त्रींनी दोन आणि तीन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत गेज लावलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा चांगला वर गेला असता. काटा पाच-पाचने हलला, बस. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली, ऑइल टाकूनही वर येत नाहीत, आणि एकाचा प्लग वाफेने धुतलेला: हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, दोन-तीनच्या मधे जळलेलं. खालचं इंजिन उघडायची गरज नाही. हेडचं काम, २६ हजारांच्या आसपास. ७८ आणि २६ मधला फरक एका चमच्याने ठरला.

एवढ्यावर मी "करून टाका" म्हणणार होते, तर मेस्त्रीच म्हणाले, थांबा, खालून बघू. गाडी खड्ड्यावर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरने पुढच्या शॉकअपचे माउंट, दाराखालचे साइड मेंबर, मागच्या चाकाच्या कमानी ठोकत गेले. पत्रा वाजत होता. शेजारी एक डिझेल सेडान उभी होती, बरीच वर्षं रत्नागिरीत राहिलेली. तिच्या साइड मेंबरमध्ये तोच स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तिच्या मालकांना त्यांनी इंजिन उघडायला चक्क नकार दिला. इंजेक्टरचं काम मिळत होतं, ते सोडलं. "इंजिन नवं करता येतं, पत्रा नाही. उद्या ब्रेक मारला आन् चाक आत आलं तर?" ते गृहस्थ नाराज होऊन गेले. दुसऱ्या तटात आणखी एक भर.

आता माझ्या बाजूचा हिशेब. सगळे जण एकच सूत्र सांगतात: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढा. मला हे कधी पटलं नाही. माझ्या गाडीला बाजारात चालू स्थितीत साठ-पासष्ट हजार येतील, पण मी ती विकत नाहीये. मला साताऱ्याला जायचंय. मग तुलना करायची ती तिच्याऐवजी जे घ्यावं लागेल त्याच्याशी. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं म्हटलं तरी महिन्याचा हप्ता १०,४०० च्या घरात. म्हणजे मेस्त्रींचं काम अडीच-पावणेतीन हप्त्यांचं. नव्या गाडीचा फुल विमा वेगळा. माझ्या गाडीला थर्ड पार्टी पुरतो, तो हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी.

कागदांचं वय इंजिनाइतकंच महत्त्वाचं. माझ्या गाडीला २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हाच संगम पुलाच्या आरटीओतून नोंदणीचं नूतनीकरण झालंय, २०२९ पर्यंत. त्यासाठी पाच हजार फी, वर पर्यावरण कर, हे पैसे जाऊन बसलेत. हेच नूतनीकरण पुढच्या महिन्यावर असतं तर माझं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. आणि कोणी दिल्लीचं उदाहरण देऊन घाबरवत असेल, तर दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोलची ती अट दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्याची, एनसीआरची आहे, पुण्याची नाही.

स्क्रॅपचीही चौकशी केली, न विचारताच नाही म्हटलं नाही. २०२१ च्या धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळावेत असं आहे. मला फोनवर २३ हजार सांगितले. सोबत सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ आणि रोड टॅक्समध्ये सूट. केंद्राचा नियम खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा देतो, प्रत्यक्षात राज्य किती देतंय ते आरटीओत विचारून घ्या. पण हे सगळं गोड लागतं ते नवी गाडी घेणाऱ्याला. भंगारवाला त्याहून चार पैसे जास्त देत होता, रोख. त्याच्या वाट्याला जाऊ नका. गाडी कापली गेली तरी आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते, आणि त्या नंबरवर पुढे काही झालं तर पोलीस तुमच्या दारात. रीतसर केंद्र चासी नंबर घेऊन नोंदणी रद्द करवतं. जायच्या आधी जुनी चलनं भरून टाका आणि आरसीवर बँकेचा बोजा राहिला असेल तर तो उतरवून घ्या.

काम कसं झालं? चांगलं, पण वेळेत नाही. चार दिवस म्हणाले आणि दुसरा आठवडा उजाडला. हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं ते तिथेच पडून राहिलं, गॅस्केट किट नाना पेठेत मिळालं पण वॉटर पंप हव्या त्या मेकचा मिळेना. फोन उचलत नाहीत, त्यांच्या पोराला व्हॉट्सअॅप करायचा. बसायला ऑइलचा डबा. मात्र मधे एकदा त्यांनी आपणहून फोन केला, तो पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत म्हणून. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत, आणि आता पंपावर तेच मिळतं. १,४०० जास्त लागतील, टाकू का, असं विचारून टाकले. शेवटचं बिल २७,४००. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरची सफाई, कुलंट, ऑइल आणि सात हजार मजुरी यात आलं.

जुना माल गोणीत भरून परत देतात. गॅस्केटवर दोन आणि तीन नंबरच्या भोकांमधली बारीक पट्टी जळून काळी पडली होती, मधे नखभर तुकडाच नाही.

आणखी एक तक्रार, ती माझ्या व्यवसायातून आलेली: बिल वहीच्या पानावर, नंबर नाही, तारीख नाही. एवढ्या छोट्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही हे मला माहीत आहे, पण तारीख लिहायला काय जातं? मी त्यांना बिलबुक छापून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "तुम्हीच आणा की ताई." आठशेतले चारशे कमी करत असाल तर आणते, म्हटलं. नाही म्हणाले.

त्यानंतर खंबाटकी दोन्ही बाजूंनी झाली, काटा मधल्या रेघेला. गुरुवारी बंद असतं. डिझेलवाल्यांनी आधी पोराशी बोलून जावं, कॉमन रेलचं, म्हणजे नव्या डिझेल गाड्यांच्या इंधन यंत्रणेचं काम ते बाहेर देतात. आणि एसी त्यांच्याकडे करू नका. करतो म्हणतात, पण माझा गॅस महिन्यात उतरला.