छोट्या कॅबिनेटसाठी सिंक: वरून बसवायचं की दगडाखालून?

माझ्या पहिल्या स्वयंपाकघरात सिंकचं कॅबिनेट 24 इंचांचं होतं, म्हणून मी 24 बाय 18 चं सिंक घेऊन आले. बसवायच्या दिवशी ते आत जाईना. सुताराने दोन्ही बाजूंच्या प्लायला वरून खाचा मारल्या आणि वेळ निभावली. त्या कापलेल्या कडांना लॅमिनेट नव्हतं की पट्टी. दोन पावसाळ्यांत प्लाय फुगला, शटर लागेनासं झालं आणि शेवटी सगळं कॅबिनेट बदलावं लागलं. तेव्हापासून ओळखीत कोणाच्या स्वयंपाकघराचं काम निघालं की मी टेप घेऊन जाते.

24 इंच म्हणजे 600 मिमी हे मॉड्युलर कॅबिनेटचं बाहेरचं माप असतं. दोन्ही बाजूंचा 18 मिमी प्लाय वजा केला की आत 564 मिमी, म्हणजे जेमतेम 22 इंच उरतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या ओट्यात मात्र दोन उभ्या कडप्प्यांमधलं अंतर 24 इंच असलं, तर ते खरोखरच मोकळे 24 इंच असतात. दुकानदार विचारतो, "कॅबिनेट कितीचं?" आपण "चोवीस" म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो. सिंकवर लिहिलेलं मापही काठासकट, बाहेरचं असतं. पाणी साठतं तो भाग प्रत्येक बाजूने साधारण इंचभर लहान धरा.

आता मुख्य निवड. टॉपमाउंट सिंकचा काठ ग्रॅनाइटवर टेकतो, तर अंडरमाउंट सिंक ग्रॅनाइटच्या खाली चिकटवलेलं असतं. हल्ली सगळे अंडरमाउंटच सुचवतात, आणि त्याचं सुख मला मान्य आहे. पोळ्या लाटून झाल्यावर ओट्यावरचं पीठ, पाणी, कोथिंबिरीच्या काड्या फडक्याने सरळ सिंकमध्ये लोटता येतात. मधे काठ नसल्याने कुठे काळी रेघ धरत नाही.

पण जागा अरुंद असली की हिशेब उलटतो. अंडरमाउंटमध्ये काठासकट अख्खं सिंक कॅबिनेटच्या आत मावावं लागतं, शिवाय सिलिकॉन आणि आधाराच्या अँगलसाठी दोन्हीकडे थोडी जागा हवी. टॉपमाउंटचा काठ वर दगडावर राहतो, आत जातो तो फक्त पाणी साठायचा भाग. म्हणून 564 मिमीच्या जागेत अंडरमाउंट घ्यायचं तर 20 बाय 17 निवांत बसतं, 21 बाय 18 ओढूनताणून. टॉपमाउंट मात्र 22 इंचांपर्यंत नेता येतं. म्हणजे आतून दीड-दोन इंच जास्त मिळतात, आणि कढई आडवी ठेवून घासायची असते तेव्हा हे दोन इंच हाताला कळतात.

कॅबिनेट 18 इंचांचं असेल तर माझ्या मते वादच नको, टॉपमाउंटच घ्या. आत 414 मिमी मिळतात. तिथे अंडरमाउंट घेतलं तर वापरायला 13 इंचही रुंदी उरत नाही, आणि पाच लिटरचा कुकर दांड्यासकट त्यात फिरत नाही. 18 बाय 16 चं सिंक वळवून, 16 ची बाजू रुंदीला आणि 18 ची पुढे-मागे अशी लावा. भिंतीतला नळ असेल तर यात काहीच अडत नाही.

पुढे-मागेही मापायला हवं. ओटा 24 इंच खोल, त्यात सिंक 18, म्हणजे पुढे 3 आणि मागे 3 उरतात. पुढची दगडाची पट्टी दोन इंचांपेक्षा बारीक ठेवू नका. तिथे ग्रॅनाइट उचलताना किंवा बसवताना तुटतो, आणि सांधलेली भेग कायम दिसत राहते.

बदलायची वेळ आली तर टॉपमाउंट जिंकतं. सिलिकॉन कापा, उचला, त्याच मापाचं दुसरं ठेवा. अंडरमाउंट काढणं म्हणजे खालून आडवं होऊन करायचं काम, आणि दगडाचं भोक नव्या सिंकला जुळेलच असं नाही. शिवाय भोकाची कड पॉलिश करून घ्यावी लागते, ती मजुरी वेगळी. भाड्याचं घर असेल किंवा जुना ओटा तसाच ठेवायचा असेल, तर मी अंडरमाउंट सुचवणार नाही. नवा ओटा आणि 24 चं कॅबिनेट असेल तर 20 बाय 17 चं अंडरमाउंट जरूर घ्या. फक्त खाली आधार द्यायला लावा, नुसत्या सिलिकॉनवर भरलेलं सिंक सोडू नका.

खोलीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण ती कोणी विचारतच नाही. दुकानात 10 इंच खोल सिंक भारदस्त दिसतं. पण ओटा 33 इंचांचा असेल तर सिंकचा तळ 23 इंचांवर जातो. भांडी घासणाऱ्या मावशींची किंवा तुमची उंची पाच फूट असो वा साडेपाच, कंबरेतून वाकावं लागतंच, तेही रोज. दुसरं, भिंतीतला आउटलेट. तो जमिनीपासून 20 इंचांवर असेल, तर 10 इंची सिंक आणि त्याखालचं कपलिंग धरून पाणी वर चढवायची पाळी येते. मग पाणी तुंबतं, वास येतो. 8 इंची सिंकला उतार मिळतो, आणि खाली वॉटर प्युरिफायर नाहीतर कचऱ्याचा डबा ठेवायला दोन इंच जास्त उरतात. पाणी उडतं ही तक्रार खरी आहे, पण नळाला फेसाची जाळी लावली की ती बरीच कमी होते.

धातूचं थोडक्यात. स्टेनलेस स्टीलचं सिंक 304 ग्रेडचंच घ्या. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 ग्रेडमध्ये निकेल कमी असतं, ते लवकर डागाळतं. चुंबक लावून पारख करू नका, दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाडी 1 मिमीच्या खाली नको. क्वार्ट्झ सिंक देखणं असतं, पण त्याच्या भिंती जाड, म्हणजे तेवढ्याच बाहेरच्या मापात आतली जागा आणखी कमी. बोअरचं जड पाणी असेल तर काळ्या रंगावर पांढरे थर बसतात. छोट्या कॅबिनेटला मी ते घेणार नाही. डबल बाऊलचा विचार इथे करूच नका.

कोपऱ्यांचं मात्र बघा. अगदी काटकोनी कोपरे फोटोत छान दिसतात, पण त्यात भाताची शितं अडकतात आणि घासणी पोचत नाही. थोडी गोलाई असलेलं, 10 मिमी त्रिज्येचं, जागाही देतं आणि साफही होतं. साधं प्रेस केलेलं सिंक त्याहून गोल, म्हणून आतून थोडं लहान, पण घासायला सगळ्यात सोपं.

आणि दगड कापायच्या आधी सिंक घरात आणून ठेवा, कागदावरच्या मापावर भोक पाडू देऊ नका. दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी रोजची कढई पिशवीत घेऊन जा. ती सिंकमध्ये आडवी ठेवा, आणि भोवती तुमचा हात घासणीसकट फिरतो का ते बघा.