फँटसी फुटबॉल ॲप, एक सीझन वापरून: सगळं झकास, पण टायब्रेकर आधी बघा

फँटसी फुटबॉल म्हणजे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची, ते मॅचमध्ये खेळतात त्याचे आपल्याला पॉइंट, आणि दर आठवड्याला लीगमधल्या एका टीमशी सामना. ऑगस्टच्या शेवटी ड्राफ्टला (खेळाडू वाटून घेतात तेव्हा) इन्स्टॉल केलं, आता डिसेंबर चालूय, म्हणजे चारेक महिने रोज वापरून लिहितोय. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसची लीग, १२ टीम, त्यातल्या ६ प्लेऑफला. पहिल्या दोघांना वीक १५ ला सुट्टी, बाकीचे चार लढणार, फायनल वीक १७ ला. वीक १८ ला कोणी हात लावत नाही कारण तोवर एनएफएलच्या मोठ्या टीम आपले स्टार बाकावर बसवतात.

लाइव्ह स्कोअर एक नंबर. वेव्हर (कोणाच्याच टीममध्ये नसलेले खेळाडू उचलणं), ट्रेड, नोटिफिकेशन, कशालाच नावं ठेवायला जागा नाही.

माझी वाट लागली ती टेबलमध्ये. १४ वीक झाले, सहाव्या जागेसाठी आम्ही तिघं ७-७ (सात जिंकल्या, सात हरल्या). त्या दोघांनाही मी सीझनमध्ये हरवलेलं, त्यामुळे मंडे नाइटची मॅच संपल्यावर मी निवांत झोपलो, आणि सकाळी बघतो तर मी सातवा! आमच्या लीगचा पहिला टायब्रेकर (बरोबरी सोडवायचा नियम) हेड-टू-हेड, म्हणजे आपापसातला निकाल, नाहीच, पॉइंट्स फॉर आहे, म्हणजे पूर्ण सीझनमध्ये तुमच्या टीमने एकूण किती पॉइंट केले ते. आपला नेट रन रेट समजा, फक्त समोरच्याने केलेले वजा होत नाहीत. खऱ्या एनएफएलमध्ये आधी आपापसातला निकाल बघतात आणि पॉइंट पार खाली येतात, म्हणून मी इथेही तसंच धरून बसलो.

४.३६ पॉइंटने गेलं. आणि आता खरी गंमत, वीक ९ ला माझ्या किकरच्या (लाथ मारून पॉइंट करणारा खेळाडू) एनएफएल टीमला बाय, म्हणजे त्या आठवड्याची सुट्टी होती आणि मी त्याला तसाच लाइनअपमध्ये ठेवलेला, शून्य मिळाले, पण ती मॅच मी आरामात जिंकलो म्हणून ग्रुपवर हसून सोडून दिलं होतं. वेव्हरवरचा कुठलाही किकर उचलला असता, त्याने दोन फील्ड गोल मारले असते तरी ६ झाले असते. जिंकलेल्या मॅचमधले पॉइंटपण मोजले जातात हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.

ॲपची चूक एवढीच की टेबलमध्ये नुसता नंबर दिसतो, का वर आणि का खाली ते नाही. ते लीग सेटिंगमध्ये चार टॅप आत. कमिशनर (आमची लीग चालवणारा) म्हणाला ऑगस्टमध्येच ग्रुपवर टाकलेलं, वर स्क्रोल केलं तर खरंच होतं, आता काय बोलणार.

खरं सांगू, राग उतरल्यावर मला पॉइंट्स फॉरच बरा वाटतो. तिघांत टाय असला की हेड-टू-हेडचा घोळच जास्त, अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवलं की संपलं. शिवाय १२ टीम आणि १४ वीक म्हणजे काही जणांशी दोनदा खेळता, काहींशी एकदाच. आणि प्लेऑफची मॅचच बरोबरीत सुटली तर वरचा सीड (टेबलमध्ये वर असलेला) पुढे जाणार की बाकावरच्या खेळाडूंचे पॉइंट मोजणार, हेपण ड्राफ्टच्या आधी बघून घ्या. शिवाय निकालानंतर दोन-तीन दिवसांत स्टॅट करेक्शन, म्हणजे आकड्यांची दुरुस्ती येतं, एखादा यार्ड इकडचा तिकडे होतो, मी गुरुवारपर्यंत त्याच आशेवर होतो. नाही आलं.

चार स्टार. पुढच्या वर्षी पहिले पाच रेकॉर्डवर (किती जिंकल्या-हरल्या त्यावर) आणि सहावी जागा उरलेल्यांत सगळ्यात जास्त पॉइंटवाल्याला, असं काही लीग करतात तसं करू म्हणून मी सुचवलंय. कमिशनर म्हणतोय मतदान घेऊ, आठ मतं लागतील, आत्तापर्यंत तीन आहेत आणि त्यातलं एक माझंच.